फूल ना फुलाची पाकळी

दर वर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. १९४९ पासून तो देशभर पाळला जातो. लाल, गडद निळा आणि फिकट निळा अशा तीन रंगांचा छोटा ध्वज आपण छातीवर लावतो आणि डब्यात पैसे टाकतो. गेल्या वर्षी मी शंभराची नोट टाकली. माझ्या पुढच्या ज्युनिअरने पाचाचे नाणे टाकले, तेव्हा आम्ही मित्र हसलो.

रविवारी मी घरी फोन केला आणि ते शंभर रुपये बाबांकडून मागून घेतले. बाबांनी एवढेच विचारले, "ते पैसे जातात कुठे?" मला सांगता आले नाही.

मग मी उस्तादांना विचारले. ते स्वतः माजी सैनिक आहेत. ते म्हणाले, "हा निधी केंद्रीय सैनिक बोर्ड सांभाळते. गरजू माजी सैनिकांना, सैनिकांच्या विधवांना आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणाला त्यातून मदत होते." त्याच आठवड्यात कळले, की त्या ज्युनिअरने कॅन्टीनमधला समोसा सोडून ते पाच रुपये दिले होते. म्हणजे त्याचे पाच त्याचे होते. माझे शंभर बाबांचे होते, आणि तेही मी मित्र बघत होते म्हणून दिले होते.

माझ्या मते आपण दोन सवयी लावून घ्याव्यात. किती द्यायचे ते रांगेत नव्हे, आधीच आणि आपल्या पॉकेटमनीतून ठरवावे. आणि पैसे कुणाच्या उपयोगी पडणार हे विचारल्याशिवाय देऊ नयेत. माझी आजी यालाच सत्पात्री दान म्हणते.

आणखी एक विनंती. कोणत्या हाउसने किती जमवले, हे असेंब्लीत वाचून दाखवू नये. चुरशीमुळे जास्त पैसे जमतात, असे काही जण म्हणतात. ते खरेही असेल. पण चुरस संपली की देणेही संपते. आपल्याला तर पुढे आयुष्यभर द्यायचे आहे.

जानेवारीपासून मी दर महिन्याला दहा रुपये बाजूला ठेवतो आहे. या ७ डिसेंबरला डब्यात तेच पडतील. त्या ज्युनिअरची माफी मात्र मी डिसेंबरपर्यंत थांबवली नाही.