कळणाऱ्या भाषेतलं गहन

जे कळत नाही ते गहन, अशी आपल्याकडे एक सोयीची समजूत आहे. व्याख्यान डोक्यावरून गेलं की माणसं ‘काय बोलले!’ म्हणत समाधानाने घरी जातात. गाडगेबाबांच्या (१८७६–१९५६) कीर्तनात ही सवलत नव्हती. हातात खराटा, अंगावर चिंध्या. दिवसा गावच्या गल्ल्या झाडायच्या आणि रात्री त्याच गावाला वऱ्हाडीत प्रश्न विचारायचे. सावकाराचं कर्ज काढून पंगती का उठवता, नवसापायी बकरं का कापता, पोरांना शाळेत का घालत नाही? खरी गंमत पुढे आहे. उत्तर बाबा देत नसत, समोरच्या गर्दीकडून वदवून घेत. सॉक्रेटिसची पद्धतही हीच, पण त्याचं नाव घेतलं की आपण जरा सावरून बसतो. खराटेवाल्याला मात्र ‘भोळा संत’ म्हणून मोकळे होतो. वास्तविक भोळेपणाचा इथे लवलेश नाही. स्वतःच्या तोंडून, चारचौघांत निघालेला शब्द फिरवणं किती जड जातं, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. पुढे सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढलं. तपासणी समिती यायच्या आदल्या दिवशी काही गावं काय लखलखीत दिसायची!