पिशवीची पाठ वाचा!

बालमित्रांनो, तुमचा मामा पुण्याला राहतो का? नाहीतर काका हैदराबादला? मग उन्हाळ्यात आजीची लगबग तुम्ही पाहिलीच असेल. शेवया, कुरडया, खारोड्या, काळा मसाला, येसर असं सगळं डब्यांत भरायचं आणि कुणी जाणारं भेटलं की त्याच्या हाती पाठवायचं. आता हेच पदार्थ मोबाईलवर मागवता येतात. करणाऱ्या असतात खेड्यातल्या बचत गटाच्या बायका, आणि खाणारा दूर शहरात!

माल घरबसल्या मागवायची युक्ती मात्र नवी नाही बरं का. आपल्याकडे टपाल खात्याने १८७७ साली व्ही.पी.पी. सुरू केली. पोस्टमनने पार्सल आणायचं, आपण पैसे मोजायचे आणि पोस्टाने ते पाठवणाऱ्याला पोचते करायचे. आजचं 'कॅश ऑन डिलिव्हरी' म्हणजे व्ही.पी.पी.चं नातवंडच की!

पण बाजारात आपण डाळ हातावर घेऊन पाहतो, चिंच चाखून पाहतो. मोबाईलवर दिसतो नुसता फोटो. मग खरं-खोटं ओळखायचं कसं?

आपल्या लातूर जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्ती कोथिंबीर या तिघींना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पेपरात यालाच 'जीआय' म्हणतात. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कुंथलगिरीच्या खव्यालाही ते मिळालं आहे. यासाठी १९९९ सालचा कायदा आहे आणि नोंदणीचं कार्यालय चेन्नईला आहे. अर्थ अगदी सोपा. माल त्या भागातला असेल, तरच त्याला ते नाव लावायचं.

समजा, कुणी भलतीच डाळ पिशवीत भरली आणि वर 'बोरसुरी' असं छापलं. गिऱ्हाईक फसलं, हे तर खरंच. पण वरण बेचव लागलं की ते गिऱ्हाईक पुन्हा बोरसुरीचं नाव घेईल का? नाही घेणार. म्हणजे लबाडी केली एकाने आणि नुकसान झालं तिथे घाम गाळणाऱ्या शेतकऱ्याचं!

आता आपल्या येसराला किंवा खारोड्यांना काही असं मानांकन नाही. म्हणून पिशवीची पाठ वाचायला शिका. त्यावर हे हवं :

१) करणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता. 'घरगुती चव' एवढंच लिहिलं असेल, तर घर कुणाचं ते विचारा!

२) वजन, किंमत, पदार्थ कधी केला आणि कधीपर्यंत खायचा, त्या तारखा.

३) एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक. अन्नावर देखरेख ठेवणारी ही सरकारी संस्था आहे. लहान उत्पादकांनाही तिच्याकडे नोंदणी करावी लागते.

४) शाकाहारी पदार्थावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका.

बचत गटांच्या मालासाठी केंद्र सरकारच्या ग्रामविकास मंत्रालयाचं 'ई-सरस' हे संकेतस्थळ आहे. पण मागवताना आई-बाबांना शेजारी बसवा हं! पैसे देताना पिन टाकावा लागतो, पैसे घेताना कधीच नाही. "पैसे परत देतो, पिन टाका," असं कुणी म्हणालं की खुशाल समजा, हा भामटा आहे. फसवणूक झालीच, तर ग्राहकांसाठी १९१५ हा मदतीचा क्रमांक आहे.

ही झाली विकणाऱ्याची परीक्षा. आता आपली! कित्येक जण पार्सल दारात आलं की म्हणतात, "नको आता, घेऊन जा परत." यात काय एवढं, असं वाटतं ना? मग हे गणित सोडवा. एका गटाने १ किलो येसर ३०० रुपयांना विकायला काढलं. धान्य, मसाले, दळण आणि पिशवी मिळून खर्च आला २२० रुपये. पार्सल दारातून परत गेलं आणि जायचे ८० व यायचे ८० रुपये गटाच्याच अंगावर पडले. परत आलेलं येसर चांगलं राहिलं असं धरलं, तरी हा तोटा भरून काढायला आणखी किती किलो येसर विकावं लागेल?

उत्तर काढलंत ना? दोन किलो! म्हणजे आपल्या एका 'नको'पायी त्या बायकांनी दोन किलोचं भाजणं-दळणं फुकट केलं. व्यवहारात दोघं एकमेकांना पाहत नाहीत. तिने पिशवीवर खरं लिहायचं आणि आपण मागवलेलं घ्यायचं. शब्द दोघांनीही पाळायचा असतो, खरं ना?

या आठवड्याचा उपक्रम : घरातल्या कोणत्याही पाच पिशव्यांची पाठ वाचा. पदार्थ, गाव आणि तारीख वहीत लिहा. मग ती गावं नकाशात शोधा. आपल्या ताटात कुठून कुठून काय येतं, ते पाहून आई-बाबाही चकित होतील!