भार स्वतःचा, आधार पट्ट्यांचा

दुकानाच्या गादीवरून उठताना गुडघ्यावर तळहात टेकावा लागणे, ही पन्नाशीनंतरची इतकी सर्वसाधारण गोष्ट आहे की घरात कोणी तिची दखलही घेत नाही. वस्तुतः शरीराच्या खात्यातील शिल्लक घटू लागल्याची ती सूचना असते. तिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान दर दशकात साधारणतः ३ ते ८ टक्क्यांनी कमी होत जाते आणि साठीनंतर ही घट वेग घेते. सकाळचे चालणे हृदयास हितकारक आहेच. परंतु खांदे, पाठ आणि दंड यांची झीज केवळ चालण्याने भरून निघत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रौढांनी आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायामही करावेत, असे सांगितले आहे.

अडचण येते ती येथेच. लोखंडी वजनांची व्यायामशाळा साठीतल्या गृहस्थांना परकी वाटते, घरातील स्त्रियांना तेथे संकोच वाटतो आणि दुकानाच्या वेळा कोणालाच सोयीच्या नसतात. अशांसाठी टांगलेल्या पट्ट्यांच्या आधाराने स्वतःच्याच शरीराचे वजन पेलण्याचा व्यायाम, म्हणजे ‘सस्पेन्शन ट्रेनिंग’, विचारात घेण्याजोगा आहे.

त्याचे आजचे रूप गरजेतून जन्मले. अमेरिकी नौदलाच्या ‘सील’ पथकातील अधिकारी रँडी हेट्रिक १९९७ मध्ये आग्नेय आशियातील एका मोहिमेवर असताना त्यांचा मुक्काम एका गोदामात होता. व्यायामाचे कोणतेही साधन जवळ नव्हते. सामानात चुकून आलेला जुजुत्सूचा कापडी पट्टा तेवढा होता. त्यांनी त्याला गाठ मारली, ती दाराच्या वरच्या फटीत अडकवून दार लावले आणि मागे झुकून स्वतःचे शरीर ओढून घेतले. पुढे पॅराशूटच्या पट्टीपासून त्यांनी सुधारित साधन शिवले व ते ‘टीआरएक्स’ या नावाने बाजारात आणले. २०२२ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली आणि त्याच वर्षी हेट्रिक यांनी भागीदारासह ती पुन्हा विकत घेतली. कंपनीच्या या चढउतारांत व्यायामाचे मोल मात्र घटले नाही, कारण त्याचे खरे भांडवल करणाऱ्याचे शरीर हेच आहे.

मराठी मुलखाला ही कल्पना अपरिचितही नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी ज्या मल्लखांबाला नवे जीवन दिले, त्याचाच एक प्रकार दोरीचा मल्लखांब. टांगलेल्या दोरीला एकही गाठ न मारता मुली तिच्यावर आसने करतात, तेव्हा त्याही स्वतःचाच भार पेलत असतात. त्याला लहानपणापासूनचा सराव लागतो. पट्ट्यांचा व्यायाम मात्र साठीतही आरंभता येतो.

याचे कारण असे की येथे भार ठरवतो तो शरीराचा कोन. पट्ट्यांच्या मुठी धरून, आधाराकडे तोंड करून किंचित मागे झुकले की हातांवर थोडेच वजन येते. पाय एक पाऊल पुढे नेले की शरीर अधिक आडवे होते आणि भार वाढतो. पाऊल मागे घेतले की तो लगेच उतरतो. ऐपतीपेक्षा अधिक कर्ज काढण्याची सक्ती येथे नाही. शिवाय पट्टे हलते असल्याने तोल सावरण्यासाठी पोट आणि कंबर यांचे स्नायूही कामाला लागतात.

आरंभासाठी दोन प्रकार पुरेत. पहिला, मागे झुकून छाती हातांकडे ओढणे. यात दिवसभर वहीवर किंवा संगणकावर वाकलेल्या पाठीला काम मिळते. दुसरा, पट्टे धरून खुर्चीवर बसल्यासारखे खाली जाणे आणि पुन्हा उभे राहणे. याने मांड्या बळकट होतात. प्रत्येक प्रकार ८ ते १० वेळा, थोडी विश्रांती घेऊन दोनदा करावा.

मात्र दक्षता हवीच. पट्टे खिडकीच्या गजाला किंवा पंख्याच्या हुकाला बांधू नयेत. पूर्ण शरीराचे वजन पेलणारा पक्का आधारच निवडावा. दारात अडकवायचे असल्यास पलीकडे उघडणारे दार घ्यावे, म्हणजे ओढ बसताच ते अधिकच घट्ट मिटते. श्वास रोखून धरू नये; त्याने रक्तदाब वाढतो. रक्तदाब, हृदयविकार किंवा खांद्याचे दुखणे असणाऱ्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा आणि पहिले काही दिवस जाणत्या शिक्षकासमोर सराव करावा.

पहिल्या दिवशी पाय जेथे स्थिर राहिले, तेथे जमिनीवर खडूने एक रेघ ओढावी. महिन्याभराने पाऊल त्या रेघेच्या पुढे सहज टिकू लागले, तर जमेची बाजू वाढली असे समजावे. त्यासाठी निराळा ताळेबंद मांडण्याची आवश्यकता नाही.