‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे काय?

१६ जुलै २०२१ ला दुपारी एक वाजता दहावीचा निकाल लागला. कोरोनामुळे परीक्षा झालीच नव्हती, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल होता. मुले होती पावणेसोळा लाखांच्या आसपास. निकाल जाहीर झाला, पण मंडळाची संकेतस्थळे उघडेनात. कित्येक तास मुले तशीच ताटकळली.

आपल्या मालेगावला खेड्यापाड्यांतून शिष्यवृत्तीचे, दाखल्याचे अर्ज भरायला माणसे येतात. केंद्रावर उत्तर मिळते, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ उद्या या म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली आणि जाण्यायेण्याचे भाडे वर. लोक मुकाट्याने परत जातात, जणू गारपीटच झाली. पण ही गारपीट नव्हे. हिचा अंदाज आधी घेता येतो.

सर्व्हर म्हणजे एक कचेरी समजा. बऱ्याच कचेऱ्यांची कामे जावा या संगणकीय भाषेत लिहिलेली असतात. ही भाषा १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने आणली. प्रत्येक येणाऱ्या माणसाची फाईल टेबलावर उघडते. त्या टेबलाला ‘हीप’ म्हणतात. त्याची लांबीरुंदी सांगून ठेवली नाही, तर जावा साधारणपणे यंत्राच्या मेमरीचा चौथा हिस्साच धरते. म्हणजे आठ जीबीच्या यंत्रात दोनच जीबी. संपलेल्या फायली उचलायला शिपाई असतो, त्याचे नाव ‘गार्बेज कलेक्टर’. तो टेबल झाडताना बाबूंना हात थांबवावे लागतात. टेबल सदा भरलेले असेल तर शिपाई सारखा झाडतच राहतो आणि कामकाज ठप्प होते. शेवटी जागाच उरली नाही की ‘आऊट ऑफ मेमरी’.

यावर नजर ठेवायला ‘व्हिज्युअल व्हीएम’ नावाचे फुकट साधन आहे. त्यात मेमरीची रेघ करवतीच्या दातांसारखी वरखाली दिसते. वरच्या टोकाकडे पाहून घाबरू नये. झाडल्यानंतर रेघ कुठवर खाली येते ते पाहावे. दर वेळी ती आधीपेक्षा वरच थांबत असेल, तर कुठेतरी फायली अडकून पडल्या आहेत असे समजावे.

आता गर्दीचा हिशेब. माझा पेशा कारकुनाचा, आकडे मांडल्याशिवाय राहवत नाही. त्या निकालाची निम्मी मुले पहिल्या दहा मिनिटांत आली असे धरले, तर सेकंदाला तेराशेच्या वर होतात. पान उघडले नाही की तेच पोरगे पुन्हा पुन्हा बटण दाबते, ते वेगळेच. मुलांची संख्या आणि घटका दोन्ही आधी ठाऊक असतात. लग्नाच्या पंगतीलाही आपण एवढा अंदाज घेतोच.

‘जेमीटर’ या साधनाने अशी खोटी गर्दी उभी करता येते. तेही फुकट आणि जावातच लिहिलेले. पाच मिनिटे चाचणी घेऊन मोकळे होणाऱ्यांचा मात्र मला राग येतो. ‘टॉमकॅट’ या नेहमीच्या सर्व्हरमध्ये माणूस न सांगता उठून गेला, तरी त्याचे सत्र बदल न केल्यास तीस मिनिटे टेबलावर राहते. पाच मिनिटांत ते कसे दिसणार? चाचणी काही तास चालवावी, गर्दी हळूहळू वाढवावी, आणि मेमरीची रेघ शेजारी उघडी ठेवावी.

आपली बीसीए झालेली मुले-मुली हे घरच्या संगणकावर शिकू शकतात. चाचणी स्वतःच्याच सर्व्हरवर करावी. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संकेतस्थळावर अशी गर्दी सोडणे हा गुन्हा ठरू शकतो.