विश्लेषण : ‘अॅसिड हाऊस’चा आवाज १९८२ मध्येच मुंबईत? चरणजित सिंग यांचा अल्बम पुन्हा कसा सापडला?

रायगडच्या किनाऱ्यावर मिरवणूक म्हटली की बेंजो पथक आलेच. बेंजोच्या जोडीला ऑक्टापॅड आणि कीबोर्ड. यंत्रातून निघणारा ठेका आता कोळीगीतांनाही परका वाटत नाही. पण मांडव्याहून लाँच पकडली की तासाभरात गाठता येणाऱ्या मुंबईत एका वादकाने १९८२ मध्ये फक्त यंत्रांच्या जोरावर दहा राग वाजवले, तेव्हा त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. तोच अल्बम २८ वर्षांनी जगभर गाजला. तो का गाजला, विसरला का गेला आणि त्यातून आपल्या घरातल्या जुन्या कॅसेटविषयी काय शिकायचे?

चरणजित सिंग कोण होते?

१९४० मध्ये मुंबईत जन्मलेले चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातील वादक. बास गिटार, ट्रान्झिकॉर्ड, सिंथेसायझर अशी वाद्ये ते वाजवत. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यासारख्या संगीतकारांकडे त्यांनी काम केले. गाणे घराघरांत पोहोचले तरी रेकॉर्डच्या वेष्टनावर अशा वादकांची नावे क्वचितच छापली जात.

अल्बमची कल्पना काय होती?

‘कुर्बानी’ (१९८०) आणि ‘डिस्को डान्सर’ (१९८२) यांच्या दरम्यानचा तो काळ. चित्रपटांत डिस्कोची लाट होती. सिंग यांनी ठरवले, की ठेका डिस्कोचा घ्यायचा, पण त्यावर गाणे नव्हे तर राग वाजवायचा. तबला नाही, गायक नाही. ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हे नावच सगळे सांगून जाते. भैरव, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, मालकंस अशा दहा रागांना एकाच चौकटीत बसवलेली ही ध्वनिमुद्रिका एचएमव्हीने काढली. शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला ती राग वाटली नाही आणि डिस्कोच्या श्रोत्याला त्यात गाणे सापडले नाही. परिणामी ती खपली नाही.

त्यात कोणती यंत्रे होती?

तीन. तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीची. ठेक्यासाठी टीआर-८०८, खर्जातल्या सुरावटीसाठी टीबी-३०३ आणि मुख्य सुरावटीसाठी ज्युपिटर-८ हा कीबोर्ड.

यातले टीबी-३०३ सर्वांत महत्त्वाचे. बास गिटारवादक सोबत नसेल तर त्याची जागा भरून काढायला हे छोटे यंत्र १९८१ मध्ये बाजारात आले. त्यात सुरांचा क्रम आधी भरायचा आणि यंत्र तो क्रम पुन:पुन्हा वाजवत राहते. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची, म्हणजे ‘स्लाइड’ची सोय त्यात आहे. आवाजाची धार कमी-जास्त करणारी बटणे फिरवली, की तोच क्रम कधी दबका, कधी किंचाळल्यासारखा ऐकू येतो. खऱ्या गिटारसारखा आवाज मात्र येत नसल्याने यंत्र फसले आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. ज्याची जागा घ्यायला ते बनले, तसाच एक बास गिटारवादक मुंबईत त्यातून मालकंस काढत होता, हा या कथेतला गमतीचा भाग.

राग आणि यंत्र यांचे जमले कसे?

रागाचे स्वर ठरलेले असतात. भूपात सा, रे, ग, प, ध एवढेच पाच. खाली तानपुऱ्यासारखा अखंड आधार आणि वर ठरावीक स्वरांची वळणे, ही रचना पुन:पुन्हा तोच क्रम वाजवणाऱ्या यंत्राला सोयीची. ‘स्लाइड’मुळे मिंडेचा भासही होतो. मर्यादाही स्पष्ट आहे. कीबोर्डवरील बारा स्वर समान अंतरावर बांधलेले असतात, त्यामुळे तोडीतला खास उतरलेला कोमल गंधार त्यात नेमका मिळत नाही. म्हणूनच या अल्बमला मैफलीच्या मापाने मोजणे योग्य नाही.

मग ‘अॅसिड हाऊस’ मुंबईत जन्मले का?

नाही. शिकागोतील ‘फ्यूचर’ या गटाचे ‘अॅसिड ट्रॅक्स’ १९८७ मध्ये आले आणि त्यातून ‘अॅसिड हाऊस’ हा नृत्यसंगीताचा प्रकार रुजला. त्यांच्या हातीही टीबी-३०३ हेच, तेव्हा स्वस्तात मिळणारे यंत्र होते. सिंग यांचा अल्बम पाच वर्षे आधीचा आणि आवाज चकित करणारा इतका सारखा, की तो अलीकडे कोणी गमतीने बनवला असावा, अशी शंका पाश्चात्त्य श्रोत्यांनी घेतली. पण आधी होणे म्हणजे उगम असणे नव्हे. शिकागोच्या संगीतामागे तिथल्या क्लबची परंपरा होती. सिंग यांच्यामागे रागसंगीत आणि चित्रपटसंगीत. एकच यंत्र दोन शहरांत, दोन वाटांनी सारख्या आवाजाशी पोहोचले, एवढेच म्हणता येते. भारतातले इलेक्ट्रॉनिक संगीतही इथून सुरू होत नाही. अहमदाबादच्या ‘राष्ट्रीय डिझाइन संस्थे’त १९६९ मध्येच मूग सिंथेसायझर आला होता. तिथल्या ध्वनिफितीही विस्मृतीतून बाहेर येऊन २०२३ मध्ये प्रकाशित झाल्या.

अल्बम पुन्हा कसा सापडला?

नेदरलँड्सचे संग्राहक एडो बाउमन यांना २००२ मध्ये दिल्लीत ही रेकॉर्ड मिळाली. पुढे त्यांनी मुंबईत सिंग यांना गाठले आणि २०१० मध्ये ‘बॉम्बे कनेक्शन’ या आपल्या लेबलतर्फे ती पुन्हा प्रकाशित केली. सत्तरी गाठलेल्या सिंग यांना युरोपातून कार्यक्रमांची निमंत्रणे आली. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. कौतुक त्यांच्या हयातीत झाले, पण जेमतेम पाच वर्षे.

अशा ध्वनिमुद्रणावर हक्क कोणाचा?

भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो आणि तो सर्वसाधारणपणे निर्मात्या कंपनीकडे असतो. म्हणजे हा अल्बम २०४० च्या दशकापर्यंत संरक्षित आहे. वादक-गायकांना ‘कलाकाराचे हक्क’ १९९४ च्या दुरुस्तीने मिळाले, तर व्यावसायिक वापरातून रॉयल्टीची तरतूद २०१२ मध्ये झाली. १९८२ मध्ये स्टुडिओत वाजवणाऱ्याला यातले काहीच नव्हते.

रायगडकरांनी काय करावे?

ही रेकॉर्ड वाचली, कारण तिची प्रत कुठेतरी कोरड्या जागी टिकली होती. किनाऱ्यावरच्या घरांत कोळीगीते, भजने, बेंजो पथकांच्या कॅसेट माळ्यावर पडून आहेत. चार महिन्यांचा पावसाळा आणि दमट हवा यांमुळे फितीवर बुरशी धरते. बुरशी दिसली तर कॅसेट लगेच वाजवू नये; फीत तुटू शकते आणि टेपचे हेडही खराब होते. जाणकाराकडून साफ करून मगच नक्कल करावी. नक्कल एमपी-३ मध्ये न करता ‘वेव्ह’ फाइलमध्ये ठेवावी, म्हणजे आवाजाचा तपशील गाळला जात नाही. एक प्रत मोबाइलबाहेर, वेगळ्या ठिकाणी असावी.

आणि कोणी काय वाजवले, हे विचारून लिहून ठेवावे. सांगणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. फीत एक वेळ दुरुस्त होईल. गेलेले नाव नंतर शोधायला संग्राहक येईलच, असे नाही.