सरासरीत रेंज फुल्ल, पाड्यावर गुल!

स्कॉलरशिपच्या फॉर्मचा शेवटचा दिवस. माझी एक मैत्रीण धडगाव तालुक्यातल्या तिच्या पाड्यावरून पहाटेच निघाली, आधी पायी, मग जीपने. नंदुरबारला नेट सेंटरवर दोन तास रांगेत उभी राहिली. फॉर्म भरून झाला, शेवटी आधारचा ओटीपी मागितला गेला, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की आधारला नंबर जोडलाय तो वडिलांचा. वडील पाड्यावर. फोन लावला तर 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'. ती खाली आली होती रेंजसाठी, आणि ओटीपी गेला होता वर, डोंगरात. त्या दिवशी फॉर्म राहिला. पुढे मुदत वाढली म्हणून तिचं वर्ष वाचलं, एवढंच.

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? आपल्याकडे हे रोजचंच आहे. बरोबर. पण रोजचं आहे म्हणून आपण ते नशिबावर टाकतो, 'डोंगराळ भाग आहे, चालायचंच' म्हणतो. मी गेला महिनाभर याच विषयाचे नियम वाचतेय आणि मला वाटतं, डोंगराला आपण उगाच दोष देतोय. गडबड बरीचशी कागदावर आहे.

आधी एक आठवण. देशातलं पहिलं आधार कार्ड कुठे दिलं गेलं, माहितीय ना? आपल्या टेंभलीत, 29 सप्टेंबर 2010 ला. पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. ज्या जिल्ह्यातून आधार सुरू झालं, त्याच जिल्ह्यात आज आधारचा ओटीपी यायला टेकडी चढावी लागते. सरकारने ओळखपत्र, दाखला, स्कॉलरशिप, अॅडमिशन सगळं मोबाइलवर आणलं. मोबाइल चालतो की नाही, हे बघायचं काम मात्र वेगळ्या खात्याचं राहिलं.

आता पैशांचं बघू. रिचार्ज तुम्ही-आम्ही सगळेच मारतो. जुलै 2024 मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले. जिओचा 239चा 28 दिवसांचा प्लॅन 299 झाला. 'ट्राय काय करतंय?' असं तेव्हा सगळ्यांनी विचारलं. उत्तर असं की मोबाइलचे दर ठरवणं ट्रायने बऱ्याच वर्षांपूर्वी कंपन्यांवरच सोडलंय. कंपनीने दर ठरवायचे आणि ट्रायला कळवायचे, अशी पद्धत आहे. स्पर्धा असली की दर आपोआप आटोक्यात राहतात, हा त्यामागचा विचार. पुण्यात तो चालतही असेल. पण ज्या पाड्यावर एकाच कंपनीची एक दांडी दिसते, तिथे स्पर्धा कोणाची कोणाशी?

त्या रिचार्जमध्ये आणखी एक गोष्ट दडलीय. जीएसटी सोडला तर कंपनीच्या हिशोबी महसुलातले 100 पैकी साधारण 5 रुपये एका निधीत जातात. पूर्वी त्याला युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंड म्हणायचे. 2023च्या नव्या दूरसंचार कायद्याने त्याचं नाव डिजिटल भारत निधी झालं. जिथे टॉवर टाकणं कंपनीला परवडत नाही तिथे या निधीतून टाकायचा, हा त्याचा हेतू. म्हणजे धडगाव, मोलगी, तोरणमाळकडच्या टॉवरसाठी देशभरातले ग्राहक वीसेक वर्षं पैसे भरतायत, आणि त्यात तुमचेही आहेत. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर 2021 मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या 44 आकांक्षित जिल्ह्यांमधल्या 7,287 गावांना फोर-जी द्यायचं ठरवलं, खर्च 6,466 कोटी. जुलै 2022 मध्ये देशभरातल्या 24,680 गावांसाठी 26,316 कोटींची योजना आली, काम बीएसएनएलकडे. म्हणजे पैसा नाही, हे कारण कोणी सांगू लागलं तर ऐकून घेऊ नका.

मग अडतं कुठे? माझ्या मते मोजमापात. टेलिकॉमच्या जगात जिल्हा, तालुका असं काही नसतं, 'सर्कल' असतं. आपलं सर्कल म्हणजे मुंबई वगळून अख्खा महाराष्ट्र, अधिक गोवा. सेवा चांगली की वाईट, हे ठरवताना आकडे पाहिले जातात ते या सर्कलचे. म्हणजे अक्कलकुव्याच्या घाटातला टॉवर आणि पणजीच्या बीचवरचा टॉवर एकाच टोपलीत. टॉवर बंद राहण्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आत हवं, असा एक निकष आहे. आता गंमत म्हणून हिशोब करा. समजा सर्कलमध्ये 100 टॉवर आहेत. 98 टॉवर महिनाभर उत्तम चालले आणि डोंगरातले दोन महिनाभर बंद राहिले. बंद राहण्याचं प्रमाण किती? बरोब्बर दोन टक्के. कंपनी पास, आणि दोन टॉवरखालची गावं नापास! वर्गाची सरासरी 70 आली म्हणून मागच्या बाकावरच्याला कोणी मार्क देत नाही ना? तसंच हे.

ट्रायला हे कळत नाही असं नाही. ऑगस्ट 2024 मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम आले, 1 ऑक्टोबरपासून ते लागू झाले. त्यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. पहिली, प्रत्येक कंपनीने कुठे टू-जी, फोर-जी, फाइव्ह-जी मिळतं याचा नकाशा स्वतःच्या वेबसाइटवर टाकायचा. दुसरी, जिल्ह्याचं नेटवर्क 24 तासांपेक्षा जास्त बंद पडलं तर पोस्टपेडवाल्याला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला वाढीव व्हॅलिडिटी द्यायची. ही भरपाईची तरतूद 1 एप्रिल 2025 पासूनची. ऐकायला छान आहे. पण शब्द बघा, 'जिल्ह्याचं'. लाइट गेली, टॉवरची बॅटरी उतरली आणि चार दिवस एका खोऱ्यातली दहा गावं गुल झाली, तर ते या भरपाईत कसं बसणार? शहादा, नवापूर सुरू असेल तर जिल्हा सुरूच. पुन्हा तीच सरासरी, फक्त जरा लहान.

'रेंज नसेल तर पुस्तकं आहेत की,' असं घरचे म्हणतात. चला, तिकडेही जाऊ. संदर्भग्रंथ कॉलेजात एक, आपण साठ जण. मग प्रकरणाची झेरॉक्स. दुकानदार कधी कधी म्हणतो, 'कॉपीराइट आहे, केस होईल.' अशी केस खरंच झाली होती. 2012 मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ आणि आवारातलं एक झेरॉक्सचं दुकान, दोघांनाही कोर्टात खेचलं. सप्टेंबर 2016 मध्ये दिल्ली हायकोर्टाने दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा तपासायला सांगितले, पण तत्त्व कायम ठेवलं: शिकवण्याच्या ओघात, शिकवण्यासाठी गरजेचा तेवढा भाग कॉपी करायला 1957च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 मुभा देतं. 2017 मध्ये प्रकाशकांनी खटलाच मागे घेतला. याचा अर्थ अख्खं पुस्तक छापून विका असा नाही, आणि लेखकाचं पोट त्याच्या पुस्तकावर असतं हेही खरंच. पण अभ्यासक्रमातल्या प्रकरणाची झेरॉक्स म्हणजे चोरी नव्हे, एवढं तरी काउंटरवर ताठ मानेनं सांगता यायला हवं.

पुढची अडचण वेगळी आहे. ज्ञान कागदावरून लॉगिनवर चाललंय. सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी, सरकारी उच्चशिक्षण संस्थांतल्या विद्यार्थ्यांना हजारो शोधपत्रिका मोफत. निर्णय चांगलाच आहे. फक्त ती शोधपत्रिका उघडायला जे लागतं, त्याची कथा वर सांगितलीय. एका खात्याने दार उघडलं आणि दारापर्यंतचा रस्ता दुसऱ्या खात्याच्या सरासरीत हरवला.

मग आपण काय करायचं? नुसतं स्टेटस टाकून उपयोग नाही, चार कामं करा. आपल्या गावाचं नाव कंपनीच्या नकाशात शोधा. नकाशात रंग भरलाय आणि प्रत्यक्षात रेंज नाही, तर स्क्रीनशॉट घेऊन कंपनीकडे तक्रार करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. ट्राय एकेकट्याची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे कंपनीने दाद दिली नाही तर तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा. त्यापुढे ग्राहक आयोग आहे. टेलिकॉम कंपनीविरुद्ध तिथे जाता येतं, हे सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केलंय. गावात डिजिटल भारत निधीतून उभारलेला टॉवर असेल तर आणखी एक बघा. 17 जानेवारी 2025 पासून अशा टॉवरवर दुसऱ्या कंपनीचं सिमही चालावं, अशी सोय सुरू झालीय. तुमचं चालतंय का?

आणि एक मागणी आपण सगळ्यांनी मिळून करायला हवी: आकडे टॉवरनिहाय जाहीर करा, आणि ज्या तालुक्यात टॉवर बंद होता तिथे ऑनलाइन फॉर्मची मुदत तेवढ्या दिवसांनी आपोआप वाढू द्या. त्यासाठी ना नवा टॉवर लागतो, ना नवा कायदा. दोन खात्यांनी एकमेकांना एक यादी पाठवायची, बस.

मैत्रिणीने आता आधारला स्वतःचा नंबर जोडलाय. त्यासाठी तिला परत एकदा खाली यावं लागलं. जाण्यायेण्याचं भाडं आणि बुडालेला एक दिवस, हे कुठल्याच सर्कलच्या सरासरीत धरलेलं नाही.