परताव्याच्या वादात विक्रेत्याची बाजू

माळशिरसच्या एखाद्या लहान व्यापाऱ्याने सोलापुरी चादर ऑनलाइन विकावी आणि ग्राहकाने सदोष मालाच्या नावाखाली जुनेर परत धाडून पैसे मागावेत, तर व्यापाऱ्याने दाद कोठे मागावी? २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी सदोष माल परत घेणे विक्रेत्यावर बंधनकारक केले. ग्राहकाच्या तक्रारीचे निवारण महिन्याभरात व्हावे, असेही ठरविले. फसवल्या जाणाऱ्या ग्राहकास हे संरक्षण आवश्यकच होते. परंतु वारंवार खोटे दावे करणाऱ्या खरेदीदारांची नोंद ठेवण्याचे बंधन या नियमांत नाही. माल बांधतानाचे चित्रीकरण हाच बहुधा विक्रेत्याचा पुरावा. तो ग्राह्य मानणे मात्र बाजारपेठ चालविणाऱ्या कंपनीच्या हाती! दोन्ही पक्षांकडे पुरावा मागणे हा ग्राहकद्रोह नव्हे. खोट्या परताव्याचा भुर्दंड अखेर वाढीव किमतीच्या रूपाने प्रामाणिक ग्राहकावरच पडतो.